आबासाहेबांचा फेटा आणि बसची चाकं

शाळेचे अध्यक्ष आबासाहेब रणनवरे यांना चकचकाटाचा भारी सोस. खंडेनवमीच्या पूजेसाठी त्यांनी शाळेच्या बसची चाकं काढून त्यांना जाड चंदेरी रंग फासायला लावला आणि त्या रंगावरच नट आवळून घेतले.

ड्रायव्हर दस्तगीर म्हणाला, "नटाखालचा रंग खरवडू या. आणि थोडी गाडी फिरवून नट पुन्हा आवळू, नाहीतर रंग दबून ते ढिले पडतील."

"माझा रंग खरवडणार? एकदा आवळलं की आवळलं! पुन्हा हात लावायचा नाही!"

पूजेनंतर पोरं याच बसने घरी जाणार होती. हेडबाई इंदुताईंनी ओळखलं, इथे वाद घालून उपयोग नाही. मानाचा फेटा बांधताना त्या गोड आवाजात म्हणाल्या, "आधी ही चंदेरी रेशमी टोपी घाला, फेटा उठून दिसेल." चंदेरी म्हटल्यावर आबासाहेब विरघळले.

भाषण रंगात आलं, मान डोलू लागली आणि फेटा घसरत थेट नाकावर आला. आबासाहेबांचे हात वर गेले.

"अंहं! एकदा बांधला की बांधला," इंदुताई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "पुन्हा हात लावायचा नाही!"

मांडवात हशा पिकला.

"अहो बाई, खाली रेशीम आहे, घसरणारच!" आबासाहेब फेट्याआडून ओरडले.

"आणि नटाखाली काय आहे? फेटा घसरला म्हणून पोरं हसली. चाक निघालं तर हसायला कोण राहील?"

आबासाहेबांनी दस्तगीरला रंग खरवडायला पत्रा आणि नट आवळायला पाना आणायला फर्मावलं, आणि उरलेल्या भाषणात ही सूचना मुळात आपलीच होती, असं ठणकावून सांगितलं.