तिसरं घर

“लोकांना जीव नको असतो, नुसता हट्ट हवा असतो!”

बसवंत मठाच्या ओसरीवर चढता चढताच कडाडला. वीरय्या स्वामी सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला म्हणतोस?”

“माझ्या भाडेकरूंना, स्वामी! महिन्यापूर्वी घर विकत घेतलं. मधल्या खोलीची तुळई वाळवीनं पोखरलीय, अन् नेमकी तिच्याखाली नागोराव शिंप्यांची खाट. म्हातारा अंथरुणाला खिळलेला. पंधरा दिवस दुसरीकडे राहा म्हणतोय, सगळी सोय मी करतो... तर त्यांची सून मला दारच उघडत नाही!”

“तुळई कधी पाहिलीस?”

“पहिल्याच दिवशी. सरळ आत गेलो, मापं घेतली, ठोकून पाहिलं. भुसा गळायला लागला.”

“म्हाताऱ्याच्या अंगावर?”

“...थोडा.”

स्वामींनी एक खडा वेचून बाजूला ठेवला.

“इथं येताना वहाणा कुठं काढल्यास?”

“पायरीशी.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं?”

“आणि आईकडे, आपल्या घरी?”

“तिथंही दाराबाहेरच.”

“आणि त्या दिवशी?”

बसवंतला शिंप्यांच्या देव्हाऱ्यापुढची रांगोळी आठवली. विसकटलेली. सून काही तुळईकडे बघत नव्हती...

“बूट होते पायात,” तो पुटपुटला. मग एकदम उसळून म्हणाला, “पण स्वामी, ते घर माझं आहे!”

“आपल्या घरात काढतोस. परक्याच्या घरातही काढतोस.” स्वामींनी तांदूळ पाखडले. “मग हे तिसरं कुठलं शोधून काढलंस?”

बसवंतची नजर पायरीशी काढलेल्या वहाणांकडे गेली.

“पण तुळई खरंच कोसळेल हो...” आता त्याचा आवाज खाली आला होता.

“कोसळेल. घाई कर, बाबा. हळू जा.”

बसवंत तडक निघाला. शिंप्यांच्या दारात पोचल्यावर त्यानं एकदाच कडी वाजवली आणि उन्हात उभा राहिला. कुणी आलं नाही. दुसऱ्यांदा कडीकडे गेलेला हात त्यानं मागे घेतला.

किती वेळ गेला कोण जाणे. सुनेनं दार वीतभर उघडलं.

तुळईचा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. त्यानं तो गिळला.

“नागोरावकाकांची तब्येत कशी आहे, ताई?”

आतून खोकत, धापा टाकत आवाज आला, “कोण आहे गं? मालक का?”

“नाही, मामंजी,” ती म्हणाली. “पाहुणे आलेत तुम्हाला बघायला.”