गोरखचिंचेखालचा पाय

आफ्रिकेतली सगळी जनावरं मी नावानिशी ओळखतो. म्हणजे सर्कशीत एक हत्ती लांबून पाहिलाय, आणि तोही केरळचा निघाला. असो.

फार पूर्वी तिकडे सगळ्या कळपांचे पुढारी दर पावसाळ्याअखेर एका गोरखचिंचेखाली जमत. उन्हाळ्यात पिल्लांना चारापाणी मिळावं म्हणून प्रत्येकाने आपापल्या कुरणात तळं खणायचं, असं ठरे. शपथ म्हणून चिखलात पाय रोवायचा. टेंबो हत्तीने सर्वांत खोल पाय रोवला, वाहवा मिळवली आणि घरी येऊन झोपला. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच ठशात पाय, पुन्हा वाहवा, पुन्हा झोप.

तिसऱ्या उन्हाळ्यात कुरण करपलं. पिल्लं भुकेने रडू लागली. म्हातारी झुरी हत्तीण त्यांना घेऊन गोरखचिंचेखाली आली. टेंबोच्या ठशात थोडं पाणी होतं आणि कडेने हिरवं गवत.

मागोमाग आलेला टेंबो फुशारला. "बघ मावशी, माझी शपथ किती खोल होती!"

"दिसतंय की! एवढ्या रानात तळं म्हणावं असं हेच एक झालंय. आता हाच पाय घरी चालव बाबा, माती उपसायला आम्ही सगळ्या येतो."