कार्मेलमाय आणि रिकामे हात

समुद्राजवळच्या एका हिरव्यागार गावात रेमी नावाची मुलगी राहायची. गाव हिरवंगार होतं, पण रेमीच्या घरातली चूल बहुतेक वेळा गारच असायची. तिची आई देवाघरी गेली होती. पप्पा मिठागरात कामाला होते, पण खाऱ्या पाण्याने त्यांच्या पायांना जखमा झाल्या आणि त्या काही केल्या भरेनात, म्हणून काम सुटलं. सकाळी पेज, दुपारीही तीच पेज, फक्त आणखी थोडी पातळ. रेमीच्या झग्यावरची निळी फुलं धुऊन धुऊन पांढरी झाली होती.

संध्याकाळी मात्र रेमी आणि पप्पा दोघंही पोटभर जेवायचे. ते कसं, ते सांगते.

गावाच्या मधोमध एक बावखल होतं. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या एका काठाला रेमीचं घर आणि समोरच्या काठाला कार्मेलमायची वाडी. काय ती वाडी! पिवळाधमक सोनचाफा, पांढराशुभ्र मोगरा, शेंदरी अबोली, आणि केळीच्या पानांवरून घरंगळणारे दवाचे इवले इवले मोती. कार्मेलमाय गावची सुईण होती. गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ तिच्या हातची. रेमीचीसुद्धा! म्हणून सगळं गाव तिच्यावर जीव टाकायचं.

पण या गावाला माया करायची एकच रीत ठाऊक होती. ताट भरायचं, वर विणलेला रुमाल टाकायचा आणि मायच्या दारात न्यायचं. कुणाचा बाप्तिस्मा झाला, आणा ताट. कुणाचं लग्न ठरलं, आणा ताट. काहीच नसेल तर आज रविवार आहे म्हणून आणा. मैद्याचे तळलेले गोल फुगे, नेवऱ्या म्हणजे खोबऱ्याच्या करंज्या, केक, खीर. आणि ताट आणणारी बाई मायसमोर ठाण मांडून बसायची. माय नको म्हणाली की तिचं तोंड एवढंसं व्हायचं. मायला ते बघवायचं नाही, मग ती खायची. उरलेलं सगळं ती रेमीच्या डब्यात भरून द्यायची.

असं होता होता माय फार जड झाली. अंगणातल्या विहिरीपर्यंत जाताना तिला धाप लागायची, ओठ निळसर पडायचे. एक दिवस डॉक्टर आले. त्यांनी मायची छाती तपासली आणि बराच वेळ ते बोललेच नाहीत.

"माय, हृदय थकलंय तुमचं," ते शेवटी म्हणाले. "वजन उतरवा. नाहीतर ते फार दिवस साथ देणार नाही."

रेमी तिथेच मायचे पाय चेपत बसली होती. तिचे हात थांबले.

बातमी गावभर झाली. सगळे हळहळले. आणि दुसऱ्या दिवशी मायला बरं वाटावं म्हणून नेहमीपेक्षा मोठी ताटं घेऊन आले! आता काय म्हणावं या लोकांना?

त्या दुपारी रेमी बावखलाच्या काठी जाऊन एकटीच रडली. रडता रडता तिला पाण्यात काहीतरी लुकलुकताना दिसलं. शेवाळात एक चिमुकली परी अडकली होती. करंगळीएवढी! अंगावर कमळाच्या पाकळीचा गुलाबी झगा, आणि पंख भिजून एकमेकांना चिकटलेले. रेमीने तिला अलगद उचललं, सोनटक्क्याच्या पानावर बसवलं आणि हळूहळू फुंकर घातली. पंख सुकले तसे त्यांच्यावर निळे, हिरवे, सोनेरी रंग चमचमू लागले.

"बाळ, तू रडत होतीस ना?" परीने नाजूक आवाजात विचारलं. "रडता रडतासुद्धा तुला माझी काळजी वाटली. जंगलातल्या मोठ्या पऱ्या तीन तीन इच्छा पुऱ्या करतात. मी आपली बावखलातली परी, माझ्याकडे एकच आहे. ती तुला देते."

"माझ्या कार्मेलमायला हलकी कर!" रेमी लगेच म्हणाली.

परीने मान हलवली. "आधी नियम ऐक. माणसाच्या शरीराला मी हात लावत नाही. ते देवाने केलंय, त्यात मी लुडबुड करत नाही. स्वतःसाठी काही मागायचं नाही. आणि इच्छेची किंमत मागणाऱ्याच्या ताटातून जाते."

रेमीने डोळे पुसले. "मग मायकडे येणारी ताटं थांबव."

"नीट विचार कर, रेमी. ती ताटं थांबली तर संध्याकाळी तू काय खाशील?"

हे रेमीच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने आपल्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तो डबा माझ्या एकटीचा नाही. पप्पांना विचारून येते."

पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी रेमीला जवळ ओढलं.

"बाळा, तू जन्मलीस तेव्हा रडलीच नाहीस," ते म्हणाले. "सगळ्यांनी आशा सोडली होती. कार्मेलमायने सोडली नाही. तुझ्या तोंडात फुंकर घालत राहिली, पाठ चोळत राहिली, देवाचा धावा करत राहिली. मग तू रडलीस. आणि आज मी डब्याचा विचार करू? जा, मागून घे."

रेमी धावत गेली आणि तिने इच्छा मागितली. परीने पंख झटकले. बावखलावर सोनेरी चुरा सांडल्यासारखा झाला आणि लगेच विरला.

त्या संध्याकाळी मायच्या दारात एकही ताट आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बायका ताट भरायला घ्यायच्या आणि त्यांना आपोआप डॉक्टरांचे शब्द आठवायचे. नको गं बाई, म्हणून ताट परत फडताळात जायचं. रेमीच्या घरी रात्रीही पेज आली. भुकेने तिला झोप लागेना. पण माय वाचणार, असं स्वतःला सांगत ती पडून राहायची.

पण झालं भलतंच. ताटं थांबली आणि माणसंही थांबली! रिकाम्या हाताने कुणाच्या घरी जायचं असतं, हे त्या गावात कुणाला माहीतच नव्हतं. मायच्या ओसरीवर शुकशुकाट झाला. माय दिवसभर दाराकडे बघत बसायची.

"रेमी, मी कुणाचं काही वाईट केलं का गं?" एकदा तिने विचारलं, आणि एवढी मोठी माय लहान मुलीसारखी रडली.

रेमी बावखलाकडे पळाली. "परीताई, हे असं नको होतं मला!"

"तू ताटं थांबव म्हणालीस, ताटं थांबली," परी हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडे आता दुसरी इच्छा नाही, बाळ. यापुढचं माणसांनीच करायचं असतं."

रेमी परत आली. तिने मायचा हात धरला. "माय, चल. चाफ्यापर्यंत जाऊन येऊ."

"मला नाही गं जमणार."

"आपण हळू जाऊ. गोगलगाय पुढे गेली तरी चालेल."

माय हसली. खूप दिवसांनी हसली. दोघी चाफ्यापर्यंत गेल्या, दम खाल्ला आणि परत आल्या. मायला घरी बसवून रेमी तडक आंजेलीनआंटीच्या दारात गेली. गावात सगळ्यात मोठं ताट आंजेलीनआंटीचं असायचं.

"आंटी, मायकडे चल ना. ती वाट बघते."

आंटी ओशाळली. "कशी येऊ गं, बाय? तिला खायला काही न्यायचं नाही. मग हात हलवत जायचं का तिच्या दारात? मला लाज वाटते."

"हात रिकामेच हवेत, आंटी," रेमी म्हणाली. "मायचा एक हात मी धरते. दुसरा कोण धरणार?"

आंजेलीनआंटीला एकदम भरून आलं. तिने पदराने हात पुसले आणि ती तशीच निघाली.

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. हळूहळू सगळी गल्ली येऊ लागली. पुढे आंजेलीनआंटीनेच टूम काढली की संध्याकाळची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, घरात बसून म्हणण्यापेक्षा बावखलाच्या काठाने चालत म्हणावी. माळेचे मणी सरकत जायचे, पावलं पडत जायची. कुणीही मायच्या पुढे जायचं नाही. माय थांबली की सगळे थांबायचे आणि पाण्यावरचे केशरी, जांभळे ढग बघत उभे राहायचे. घरी माय डॉक्टरांनी सांगितलेलं साधं, मोजकं जेवायची. समोर कुणी ताट घेऊन बसलेलं नसल्यामुळे तिला ते सहज जमायचं. कधी तिला फार गोड खावंसं वाटायचं, कधी ती चिडायची, सगळं सोडून देते म्हणायची. तेव्हा कुणीतरी तिच्या शेजारी बसून राहायचं.

महिने गेले. मायची धाप कमी झाली. ओठांवरचा निळा रंग गेला. डॉक्टरांनी छाती तपासली आणि या वेळी ते लगेच बोलले. "माय, हे हृदय आता चांगलं चालतंय!"

गावाने देवळात, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, देवाचे आभार मानले. त्या गर्दीत रेमीही होती, आणि तिचे गाल खोल गेले होते. सगळ्यांचं लक्ष मायच्या पावलांकडे. रेमीकडे कोण बघणार? आणि रेमी कुणाला काही बोलली नव्हती.

एका संध्याकाळी चालता चालता रेमीचे पाय लटपटले. ती रस्त्यातच मटकन बसली. मायने वाकून तिचा चेहरा वर केला.

"रेमी, काय खाल्लंस आज?"

"पेज."

"आणि काल?"

"पेजच," रेमी म्हणाली. मायला आपला तो डबा आठवला आणि सगळं लख्ख कळलं. ताटं थांबली त्या दिवसापासून हे लेकरू उपाशी होतं, आणि उपाशीपोटी रोज तिचा हात धरून चालत होतं. मायने तिला छातीशी घट्ट धरलं. तिला रडू आवरेना. भोवती उभ्या असलेल्या बायकाही रडू लागल्या. आपण इतकी वर्षं इतकी ताटं भरली आणि बावखलाच्या पलीकडे कधी पाहिलंच नाही, याची त्यांना फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ईस्टरचा रविवार होता. देवळातली घंटा घणघणत होती. रेमीच्या दारावर थाप पडली. तिने दार उघडलं तर समोर कार्मेलमाय उभी! बावखलाला पूर्ण वळसा घालून, कुणाचाही हात न धरता माय आपल्या पायांनी तिथवर आली होती. तिच्या हातात गरम भाताचं पातेलं होतं. मागे आंजेलीनआंटी कालवण घेऊन उभी, आणि तिच्या मागे सगळी गल्ली.

"इनास, तुझ्या पायांना मलम आणलंय," माय पप्पांना म्हणाली. "आणि आजपासून तुम्ही दोघं एकटे जेवायचं नाही. पाळी लावली आहे आम्ही."

तेवढ्यात रेमीला बावखलावर काहीतरी चमकताना दिसलं. ती काठाशी धावली. परी पाण्यावर तरंगत होती आणि तिचे पंख पूर्वी कधी नव्हते इतके झळझळत होते.

"परीताई, किंमत माझ्या ताटातून जाणार होती ना? मग हे जेवण मी घेऊ का?" रेमीने घाबरत विचारलं.

"घे, बाळ," परी म्हणाली. "नियम माझ्या जादूला आहेत. माणसं आपणहून देतात, तिथे माझा नियम चालत नाही."

तिने रेमीच्या कपाळाला इवल्याशा ओठांनी स्पर्श केला. पाण्यातून शुभ्र उजेड वर आला. त्यात गुलाबी झगा मिसळला, मग ते निळे, हिरवे, सोनेरी पंख मिसळले, आणि उजेड आभाळात निघून गेला. पाणी शांत झालं.

घरातून मायने हाक मारली. रेमी आत गेली, पप्पांच्या आणि मायच्या मध्ये बसली आणि पोटभर जेवली.