न दिलेलं अन्न

"मग दोष कुणाचा, भंतेजी? माझा?"

डॉक्टर दिवाकर गजभिये यांनी हे अशा तोऱ्यात विचारलं, की उत्तर 'नाही' असंच यायला हवं होतं. ते एका सरकारी रुग्णालयाचे मुख्य अधिकारी. हाताखालच्या माणसांकडून त्यांना तशाच उत्तरांची सवय होती.

भंते विमलबोधी विहाराच्या पडवीत चटईवर बसले होते. पुढ्यात रिकामं भिक्षापात्र. शेजारी डॉक्टरांच्या घरून आलेला जेवणाचा डबा, ड्रायव्हर ठेवून गेला होता तसाच.

कौतिकाबाई रामटेके नावाच्या बाईच्या पुण्यानुमोदनाचं, मेल्यानंतर तिला पुण्य लाभावं म्हणून केलेलं, ते अन्नदान होतं. तिचं मरण हेच डॉक्टरांचं दुखणं होतं.

"किडन्या गेल्या होत्या तिच्या," डॉक्टर सांगू लागले. "डायलिसिसची मशिनं आमच्याकडे थोडी, पेशंट ढीगभर. पाळी कुणाला द्यायची ते कॉम्प्युटर ठरवतो. नाल्याला पूर आला, बाईला येता आलं नाही. कॉम्प्युटरनं धरलं की हिला गरज उरली नाही. नाव काढून टाकलं."

"मग?"

"मग माझ्याकडे आली. पाय सुजलेले, धाप लागलेली. म्हणाली, एक पाळी द्या जी साहेब."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, बाई, हे कॉम्प्युटरचं काम. माझ्या हातात काही नाही."

"नव्हतं?"

डॉक्टर घुटमळले.

"होतं. बदल करायचा अधिकार मला आहे. पण स्वतः बदल केला की वर जाब द्यावा लागतो. कॉम्प्युटरचं मानलं तर कुणी विचारत नाही..."

आणि खरंच कुणी विचारलं नाही. चौकशी रीतसर झाली. यंत्रणेत त्रुटी होती असं ठरलं, आणि त्रुटीला घरदार नसल्यामुळे नोटीस कुणालाच गेली नाही. डॉक्टर सहीसलामत सुटले. पण तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. भंतेजींनी एकदा 'तुमची चूक नाही' म्हणावं, एवढ्यासाठी ते इतक्या लांब आले होते.

म्हणून ते बोलत राहिले. प्रोग्रॅम बनवणारी कंपनी होती, नियम ठरवणारे वरचे साहेब होते, गैरहजेरी नोंदवणारा ऑपरेटर होता. खापर फोडायला डोकी भरपूर होती.

भंतेजी ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे... आणि पुन्हा ऐकू लागले.

भिंतीवरच्या घड्याळात बाराचे ठोके पडले.

भंतेजींनी रिकामं पात्र पुसलं आणि पालथं घातलं.

डॉक्टर चपापले. दुपारी बारानंतर भिक्षू दुसऱ्या दिवसापर्यंत अन्नाला शिवत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"भंतेजी, तुम्ही जेवला नाहीत?"

"नाही."

"डबा तर समोरच होता."

"समोर होता. दिला कुणी?"

डॉक्टरांना आठवलं. कुणी हातानं दिल्याशिवाय भिक्षू काही घेत नाही. लहानपणी आई त्यांचे दोन्ही हात धरून भंतेंच्या पात्रात भात वाढायला लावायची. साहेब झाल्यावर ते पार विसरून गेले होते. ड्रायव्हरनं डबा ठेवला, दान झालं, असंच ते धरून चालले होते.

त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती सहन होईना म्हणून ते भंतेजींवरच चिडले.

"मी इथंच तर बसलो होतो. एक शब्द बोलायचा होतात. लगेच दिला असता..."



"भिक्षूला मागता येत नाही, डॉक्टर," भंतेजी म्हणाले. "तिनं तर मागितलं होतं."