चुळीचा दगड

बेलखेडच्या टेकडीवर विद्यापीठ आहे. तिथल्या दप्तरखान्याच्या दाराबाहेर मधोमध खोलगट झालेला एक काळा दगड आहे, शेजारी पाण्याचा रांजण आणि पितळी तांब्या. जुनी कागदपत्रं, पदकं, पहिल्या वर्गांचे फोटो बघायला येणाऱ्या प्रत्येकाला झेलूबाई आधी त्या दगडापाशी उभं करतात. चूळ भरायची, मगच आत. मग तो कुलगुरू असो नाहीतर मंत्री. झेलूबाई तीस वर्षं दप्तरखाना झाडताहेत, पान खाणारा माणूस त्यांना वीस पावलांवरून कळतो. "आधी ते मेलं थुंकून या," म्हणतात, आणि पाहुणा चूळ भरत असतानाच सांगायला लागतात.

विद्यापीठ नवं होतं तेव्हा हैबतराव निकम नावाचे दप्तरदार होते म्हणे. माणूस भलताच टापटिपीचा. पांढऱ्या कोटाला सुरकुती नाही, दुसऱ्याच्या कपाला ओठ लावणं नाही. कुणी नुसतं खाकरलं तरी ते उठून बाहेर जायचे. आणि नेमकं अशाच माणसाच्या नशिबी ते आलं.

इमारत बांधून झाली, खोल्यांची वाटणी झाली. मेजवानीच्या भांड्यांना वर हवेशीर खोली मिळाली. आणि कागदांना? जिन्याच्या वळणाखालचा कोपरा. थोडेच दिवस, असं सांगितलं होतं. ते थोडे दिवस दहा वर्षं चालले. आता जिन्यावरून उतरणारा माणूस काय करतो? कठड्यावरून वाकतो आणि पिचकारी मारतो. चांगली शिकलेली माणसं, बरं का! काल वाळलेल्या थुंकीवर आजची ओली, वर माशा, आणि चुना-कात-तंबाखूचा तो आंबूस वास. शी! हैबतराव नाकाला रुमाल बांधून रोज ते ओल्या फडक्याने पुसायचे, मग मागच्या अंगणात जाऊन भडाभडा ओकायचे. खोलीसाठी अर्ज किती केले त्याला गणती नाही. दरवेळी वाटाण्याच्या अक्षता.

त्या गठ्ठ्यांत एक यादी होती. ही टेकडी विद्यापीठाला दिली ती बेलखेडच्या एकशे बारा माणसांनी. सही एकालाही येत नव्हती, सगळ्यांचे अंगठे. आमच्या पोरांना इथे शिकू द्यावं, एवढंच त्यांनी लिहून घेतलं होतं. दुसरी नक्कल कुठेच नव्हती. एका सकाळी हैबतरावांनी यादीचा गठ्ठा सोडला, तर पिंक बांधलेल्या कापडातून आत झिरपलेली. अकरा अंगठे कुणाच्या तरी लाळेत विरघळून गेले होते.

त्या दिवशी ते ओकले नाहीत, असं सांगतात. यादी गुंडाळून कुशीत घेतली आणि गठ्ठ्यांच्या पुढ्यात, त्याच ओल्या कोपऱ्यात मांडी घालून बसले. कागदांना खोली मिळेपर्यंत उठायचं नाही, पडेल ते आपल्या अंगावर पडेल, असा पण केला. काही म्हणतात तीन दिवस बसले, काही म्हणतात नऊ. ते बसले याचं नवल नाही. खाली बघून थुंकणारा एकही निघाला नाही, याचं नवल. खांद्यावर पडलं, मानेवरून आत ओघळलं. दुसऱ्याच्या तोंडातलं, गरम. ज्याला कुणाचा उष्टा कप चालत नव्हता, त्याने हे सोसलं.

मग दशकपूर्तीची मेजवानी झाली. कुलगुरू पाहुण्यांना पोचवायला जिना उतरत होते, तोंडात विडा. सवयीने कठड्यावरून वाकले, आणि ती पिंक सरळ हैबतरावांच्या छातीवर. खाली माणूस हललेला दिसला तसे ते धावत खाली आले.

हैबतराव उठले नाहीत. "साहेब, रोजचंच आहे," ते म्हणाले. "इथे नुसते कागद होते तोवर कुणाला दिसलं नाही. म्हणून मी बसलो."

त्यांनी यादी उलगडून पुढे धरली. हे अंगठे कुणाचे, असं कुलगुरूंनी विचारलं. तुम्ही उभे आहात ती जमीन ज्यांनी दिली त्यांचे, असं उत्तर मिळालं.

कुलगुरू तसेच बाहेर गेले. आचारी जिथे भांडी घासत होते त्या दगडापाशी वाकून चुळा भरत राहिले, अख्खा रांजण संपेपर्यंत. त्यानेच दगड खोलगट झाला म्हणे. चुळीने कुठे दगड झिजतो? पण सांगणारे सांगतात. त्याच संध्याकाळी भांडी खोलीबाहेर निघाली आणि कुलगुरूंनी स्वतःच्या डोक्यावरून गठ्ठे वर नेले. मागाहून तो दगडही वर आणून दाराबाहेर बसवला.

कोट मात्र हैबतरावांनी धुवू दिला नाही. दप्तरात नोंदवा म्हणाले. कुलगुरूंनी मान खाली घालून सांगितलं, कोटाखाली पाटी लावाल तिच्यावर माझं नाव लिहा.

"नको," हैबतराव म्हणाले. "एक नाव लिहिलं की बाकीचे सगळे सुटतात."

आजही तो कोट सुवर्णपदकांच्या शेजारी काचेच्या कपाटात आहे. डाग तपकिरी पडलाय, पाटीवर नुसतं वर्ष आहे. एखादा पाहुणा विचारतोच, ही पिंक कुणाची? झेलूबाई त्याला खिडकीशी नेतात आणि समोरच्या नव्या इमारतीच्या जिन्याकडे बोट दाखवतात. तिथला कोपरा आजही लाल आहे.