रुंद नाकपुडीचा ट्रक

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मोजत बसू नका. ट्रक पेट्रोलवर चालायचे आणि घरोघरी पाणी रांजणात गार व्हायचं, एवढं धरून चाला. तेव्हा एका घाटाच्या पायथ्याशी कुंभारांची वस्ती होती आणि माथ्यावर बाजाराचं गाव. उन्हाळा लागण्याआधी तिथे वर्षाचा मोठा बाजार भरायचा. कुंभारांचे रांजण वर नेण्याचा मान सावळारामच्या ट्रकला होता.

या कामाला एकच अट होती. चढावर गाडी थांबवायची नाही. भरली गाडी चढावर थांबली की सुटताना हिसका देते, आणि हिसक्याने रांजण तडकतात. सावळारामने अकरा वर्षं ही अट पाळली होती, आणि पाळल्याची आठवण तो लोकांना अधूनमधून करूनही द्यायचा.

सावळाराम आधी बैलांचा व्यापारी होता. बैल बघायला गेला की दात नंतर, आधी नाकपुडी बघायचा. नाकपुडी रुंद तर दम जास्त, असा त्याचा ठोकताळा. बैलांच्या बाबतीत तो क्वचितच चुकला. पुढे त्याने ट्रक घेतला. घेतला तेव्हाच तो जुना होता, आता तर पार म्हातारा झाला होता.

त्या वर्षी बाजार आठ दिवसांवर आला आणि ट्रकचा कार्बोरेटर फुटला. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं काम याचं. तो गेला की इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. चार माणसं लावून सावळारामने ट्रक ढकलत उस्मानचाचांच्या गॅरेजात नेला.

उस्मानचाचा बोलायला सावकाश, कामाला त्याहून सावकाश. त्यांनी एकेक प्लग काढला, भोकावर अंगठा धरला, इंजिन फिरवायला लावलं आणि अंगठ्याला दाब किती लागतो ते पाहिलं. मग फळीवरून एक कार्बोरेटर उतरवला. तो मूळच्यापेक्षाही लहान होता.

"चाचा, हा ट्रकचा आहे की शिलाई मशीनचा?" सावळाराम म्हणाला.

"तुझ्या ट्रकचाच आहे. इंजिन झिजलंय बाबा. तरुणपणी जेवढी हवा ओढायचं, तेवढी आता ओढत नाही."

सावळारामला हे लागलं. माझा ट्रक म्हातारा म्हणतात म्हणजे काय? त्याची नजर फळीवर फिरली. मोडीत गेलेल्या एका अवजड ट्रकचा कार्बोरेटर तिथे होता. आत मूठ जाईल एवढं त्याचं तोंड.

"तो लावा. नाकपुडी रुंद असली की दम वाढतो. मला शिकवू नका, जन्म गेला माझा बैलांत."

"बैलाचं नाक बैलाच्या छातीच्या मापाचं असतं, सावळाराम. तू दुसऱ्याच्या छातीचं नाक याला लावतोयस. नळी अरुंद असली की हवा जोरात जाते आणि पेट्रोल ओढून नेते. रुंद नळीत हवा सुस्तावते. मग पेट्रोल उचलायचं कुणी?"

सावळारामने ऐकलं नाही. चाचांनी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तोंडं जुळावीत म्हणून मधे पत्र्याची पट्टी कापून घालून त्यांनी तो मोठा कार्बोरेटर बसवला आणि हात पुसले.

सपाट रस्त्यावर रिकामा ट्रक असा पळाला की सावळारामची छाती फुगली. दोन मैल जाऊन तो परत आला आणि भेटेल त्याला सांगत सुटला की ट्रकला नवी जवानी आलीय. भरली गाडी घाटात घालून बघावी, असं काही त्याच्या मनात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी कुंभारांनी पेंढ्यात गुंडाळून बासष्ट रांजण चढवले. वस्तीतली सर्वांत जुनी कुंभारीण, भागाबाई, पुढे सावळारामशेजारी बसली. तिच्या तीन सुनांची सहा महिन्यांची मेहनत मागे होती. ते रांजण विकले गेले तरच घरात वर्षाचं धान्य येणार होतं.

तिसऱ्या वळणावर चढ उभा झाला. ट्रक मंदावला. सावळारामने पाय दाबला. इंजिनाने एक आचका दिला. त्याने आणखी दाबला, तसं ते आणखी बसलं. बैलाला पराणी लावावी तसा त्याने पाय पार तळाला नेला, आणि इंजिन बंद पडलं. ट्रक दोन हात मागे घसरून कठड्यावर आदळला. मागून आधी एक आवाज आला, मग पुष्कळ आले.

भागाबाईने खाली उतरून एकेक रांजण बोटांनी वाजवला. धड रांजण खणखणतो, तडकलेला मुका होतो. चाळीस रांजण मुके निघाले. सावळारामला वाटलं, बाईने चार शिव्या तरी द्याव्यात. तिने दिल्या नाहीत, आणि त्याला फार वाईट वाटलं. उरलेले बावीस बैलगाड्यांतून वर गेले.

आठवड्याने सावळारामने चाचांकडून तो लहान कार्बोरेटर बसवून घेतला. ट्रकमध्ये तेवढ्याच वजनाचे दगड भरून तो घाटाला लागला. ट्रक हळू चढला, पण कुठेही न अडखळता माथ्यावर पोचला. तिथून तो तसाच कुंभारवाड्यात गेला.

"भागाबाई, आता चढतो. दगड भरून नेला."

"चढत असेल बाबा," मातीचा गोळा मळता मळता ती म्हणाली. "दगड तडकत नाहीत."

पुढच्या वर्षी रांजण बैलगाड्यांनीच वर गेले, आणि त्याच्या पुढच्याही वर्षी. सावळारामचा ट्रक त्यानंतर पुष्कळ वर्षं चालला. घाट चढताना एकदाही थांबला नाही. पण रांजण त्याच्यात पुन्हा कुणी ठेवले नाहीत.

बोध एवढाच: ज्याला जेवढा श्वास पेलतो तेवढाच त्याला द्यावा, आणि तो किती हे आपल्या हौसेला न विचारता त्याच्या छातीला विचारावं.