नागाचा पाट

शके अठराशे शहाऐंशी. श्रावण शुद्ध पंचमी. पंधरा दिवसांची झड त्याच सकाळी उघडली होती.

"...आणि नाग म्हणजे आणखी काय?" भावनाथबाबांनी विचारलं.

मठाच्या ओट्यावर पाट मांडला होता. पाटावर चंदनानं काढलेला नाग, पुढे लाह्या आणि वाटीत दूध. समोर शिष्य विरूपाक्ष. नाशिकच्या पाठशाळेत नऊ वर्षं काढून आलेला. त्याच्याकडे उत्तर नाही, असं कधी झालं नव्हतं.

"शेष म्हणजे आधार. त्याच्या माथ्यावर पृथ्वी. वासुकी म्हणजे मंथनाचा दोर. कात म्हणजे नवा जन्म. वारूळ म्हणजे आईची कूस."

"आणखी?"

"आणखी काही उरत नाही, बाबा."

तेवढ्यात आम्ही पोचलो. तातोबा पाटील पुढे, मी मागे. दोघांनाही धाप लागलेली.

"बाबा, नवी विहीर ढासळली. यल्लाप्पा वडार आत गाडला गेला."

खोदकाम त्या दिवशी बंदच होतं. पाणी चढेल म्हणून तो फक्त पहारी वर काढायला उतरला होता.

"जिता हाय," पाटील म्हणाले. "दगडाच्या सांदीतनं आवाज येतोय."

"मग इथं कशाला आलात?"

पाटलांनी मान खाली घातली.

"आज पंचमी. जमिनीला कुदळ लावायची न्हाई. खाली नागाची पिल्लं असत्यात. घराघरात लेकरं हैत, बाबा..."

मीही हातातली कुदळ टाकूनच आलो होतो. लपवत नाही.

बाबांनी विरूपाक्षाकडे पाहिलं.

"परिहार असणार," तो म्हणाला. "पण पोथी पाहावी लागेल. घटकाभर द्या."

"पाहा."

बाबा उठले. दुधाची वाटी बाजूला ठेवली, लाह्या झटकल्या, पाट काखेत मारला आणि उतरणीला लागले. सत्तरीचा माणूस. आम्हाला गाठता येईना.

विहिरीशी पोचले ते थेट दोर धरून खाली गेले. पाट आडवा धरला आणि माती ओढायला लागले.

"बाबा, तो पूजेचा पाट आहे." विरूपाक्ष काठावर येऊन उभा होता. हातात पोथी.

"रिकामाच बसला होता."

"पण आज माती उकरणं..."

"मी कुठं उकरतोय? नाग उकरतोय. अडव त्याला."

काठावर कुणी हललं नाही. सांदीतून यल्लाप्पाचा आवाज आला. मघापेक्षा बारीक.

त्याची बायको दुर्गव्वा पुढे झाली. रडत नव्हती.

"शास्त्रीबुवा, शिमग्यात तुमाला फुरसं चावलं. माज्या मालकानं पाठीवर घालून सा कोस नेलं दवाखान्यात. वार इचारला न्हवता."

विरूपाक्षानं पोथी तिच्या हातात दिली आणि दोर धरला.

मग गाव घराकडे पळालं. परत आलं ते पाट घेऊन. कुणाचा नाग हळदीचा, कुणाचा कुंकवाचा, कुणाचा नुसत्या कोळशाचा. चौदा पाट मी मोजले. लोखंड एकही नाही. चौदा नाग मातीला भिडले.

"आरं, माज्या डोस्क्यावर टाकतूस व्हय माती?"

"त्याच्यावरची काढायची, तर कुठंतरी टाकायलाच पायजे की."

"हळू. सांदीवर नको. इकडनं... इकडनं ओढ."

विरूपाक्षाला पाट मिळाला नव्हता. तो नखांनी माती काढत होता.

आधी एक हात दिसला. मग डोकं.

यल्लाप्पा माती थुंकला. "पहारी र्‍हायल्या आत," म्हणाला.

काठावरची माणसं हसली, रडली, काय केलं ते त्यांनाच ठाऊक.

त्याचा पाय मोडला होता. चिखलात गाडी चालणार नव्हती. विरूपाक्ष त्याच्यापुढे पाठ करून खाली बसला.

"बस."

"शास्त्रीबुवा, मी चिखलानं भरलोय..."

"बस म्हटलं ना."

यल्लाप्पानं दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळले. विरूपाक्ष उठला. सहा कोसांत त्यानं त्याला एकदाही खाली ठेवलं नाही. मी बरोबर होतो.

पण निघण्याआधी तो बाबांपुढे थांबला. बाबांच्या हातातला पाट चिखलानं माखला होता. चंदनाची एक रेघ उरली नव्हती.

"बाबा, नाग पुसला गेला."

बाबांनी दोघांकडे पाहिलं...

"कुठं पुसला? गळ्यात आहे की."